प्रत्येक तासाला चारशे

काकांच्या टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या घरात जेवणाच्या टेबलामागे अ‍ॅरिझोना राज्याचा एक उभा नकाशा लावलेला आहे. मेक्सिकोच्या हद्दीपासून निघून यूटाच्या हद्दीला भिडणारी एक पायवाट त्यावर दिसते, लांबी आठशे मैलांच्या आसपास. काका आणि काकूंनी ती नऊ वर्षांत तुकड्यातुकड्यांनी चालली. वर्षातून दोनदा, वसंतात आणि ऑक्टोबरात, आठवडाभराची रजा काढायची, एक तुकडा चालायचा आणि घरी येऊन तेवढा भाग केशरी स्केचपेनने रंगवायचा. मी पहिल्यांदा तो नकाशा पाहिला तेव्हा मधे बोटाच्या पेराएवढी जागा सोडून सगळी वाट केशरी झालेली होती.

ती जागा त्रेचाळीस मैलांची होती. त्यांची पाळी आली त्या वर्षी वणव्यामुळे तो भाग बंद होता. पुढच्या वेळी करू म्हणून ते वरच्या तुकड्यावर गेले, मग त्याच्या वरच्या, आणि असं करत उत्तरेची हद्द गाठली. राहिलेल्या तुकड्यासाठी परत जायचं ठरलं तेव्हा काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं. काकू बऱ्या झाल्या, गाडी चालवू लागल्या, पण पाठीवर ओझं घेऊन चालणं संपलं.

काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाले. मी त्यांच्याच हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन थिएटरांचं वेळापत्रक बनवते, त्यामुळे ओळख जुनी. शनिवारी सकाळी आमच्या भागातल्या मराठी लोकांचा चालण्याचा गट असतो, त्याची यादीही माझ्याकडेच असते. कोण येणार, कोणाच्या गाडीत किती जागा, पाणी कोण आणणार. काका गटात येत, सगळ्यांच्या पुढे चालत आणि त्या त्रेचाळीस मैलांविषयी चकार शब्द काढत नसत. काकू काढत.

"आमच्या ह्यांना जेवताना नकाशाकडे पाठ करून बसवते मी," त्या मला एकदा म्हणाल्या. "तोंड करून बसले की घास हातातच राहतो."

एका मार्चमध्ये काकांच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन वर गेलेलं निघालं. मूत्रपिंडं थकत होती. घाबरण्यासारखं नव्हतं, पण पाणी कमी पडू द्यायचं नाही, असं त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं. त्यांची मुलगी नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला असते. ती एका औषध कंपनीत चाचण्यांचे आकडे तपासते. तिने लगेच फोन करून वाळवंटातलं चालणं बंद म्हणून सांगितलं. काकांनी वाद घातला नाही. आठवडाभर ते बोललेच नाहीत. शेवटी मुलीने एक सवलत दिली: एकदाच, चार दिवस, सोबत माणूस हवं, आणि रोजचं पाणी लिहून ठेवायचं. दिवसाला चार लिटर. कुठल्याही दिवशी साडेतीनच्या खाली गेलं तर अठ्ठाविसाव्या मैलावर जो कच्चा रस्ता वाट ओलांडतो, तिथे काकूंच्या गाडीत बसून परत यायचं.

सोबतीचं माणूस म्हणून काकांनी माझं नाव सांगितलं. मुलीने मला फोन केला.

"ताई, बाबा ऐकणार नाहीत. पण तुम्ही लिहिता ना सगळं, सो आय ट्रस्ट यू."

मी होकार दिला. मी त्रेपन्न वर्षांची होते, गुडघे धड होते, आणि कोणाची तरी अर्धी राहिलेली यादी पुरी करायची ही कल्पना मला आवडली, हे कबूल करायला हरकत नाही.

तयारीत तीन आठवडे गेले. मी तीन याद्या केल्या: पाठीवर काय, गाडीत काय, आणि काय न्यायचं नाही. जेवण घरी सुकवलं. मऊ भात शिजवून, ट्रेवर पसरून, मंद ओव्हनमध्ये कुरकुरीत केला. मुगाची डाळ तशीच. भाजलेल्या बेसनात तिखट-मीठ घालून पिठल्याची पुडी केली, कढत पाणी घातलं की झालं. मीठ, साखर आणि लिंबाच्या पुडीची वीस पाकिटं केली. पाण्यासाठी प्रत्येकाला तीन-तीन लिटरच्या दोन पिशव्या, नळी लावलेल्या. पाण्याचा तक्ता वॉटरप्रूफ वहीत आखला. सकाळी सहा ते दुपारी चार असं चालणं, दहा तास, दर तासाला घड्याळ वाजणार आणि प्रत्येकाने चारशे मिलिलिटर प्यायचे. दहा चोक चाळीस. हिशोब सरळ होता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंनी आम्हाला पहाटे वाटेच्या तोंडाशी सोडलं. फाटक उघडून आत गेलो, फाटक लावलं. गुरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून तिकडे प्रत्येक फाटक लावून घ्यायचं असतं. काकू गाडीतूनच म्हणाल्या, "परवा दुपारी अठ्ठाविसाव्या मैलावर भेटते. पोळ्या आणते. भाजी कुठली?"

"बटाट्याची," काका म्हणाले आणि चालू लागले.

पहिल्या दिवशीचा प्रदेश म्हणजे दगड, वाळू आणि सग्वारो, ते दोन-तीन पुरुष उंच खांबासारखे निवडुंग. झाड म्हणावं असं काही नाही. झुडपं गुडघ्याएवढी, तीही विरळ, त्यामुळे पुढे चालणारा माणूस पाऊण मैलावर असला तरी टोपीसकट दिसतो. हे मी त्या वेळी फक्त सोय म्हणून नोंदवलं होतं. हरवण्याची भीती नाही, असं वहीत लिहिलेलं आहे.

दर तासाला घड्याळ वाजे.

"काका, किती?"

"चारशे."

मी काकांच्या रकान्यात चारशे लिही, माझ्या रकान्यातही चारशे लिही. दुपारी दोन तास एका खडकाच्या सावलीत काढले. काकांनी आधीच्या तुकड्यांच्या गोष्टी सांगितल्या. उत्तरेला पाइनच्या जंगलात मेच्या आरंभी बर्फ लागला होता, काकूंनी त्यात बसून उपमा केला होता. मोठ्या दरीच्या कडेवरून उतरताना काकूंच्या बुटाचा तळ सुटला तेव्हा काकांनी तो बँडेजच्या पट्टीने बांधून अकरा मैल चालवला. बोलताना ते "आम्ही" म्हणत. मी ऐकत होते. त्यांची नळी खांद्याला क्लिपने अडकवलेली होती, तशीच होती.

दहा मैल झाले तेव्हा पवनचक्कीखालच्या लोखंडी टाकीशी मुक्काम केला. टाकीतलं पाणी हिरवट, पण फिल्टर केल्यावर चांगलं लागलं. मी दोघांच्या पिशव्या भरायला घेतल्या तेव्हा काका म्हणाले, "माझी मी भरतो. नळी उष्टी आहे." इतकी वर्षं लोकांच्या घशात नळ्या घातलेला माणूस हे म्हणत होता, पण मी त्यावर विचार केला नाही. मीही माझ्या पिशव्या माझ्याच हाताने भरल्या. तक्त्यावर दोघांचेही चार-चार लिटर झाले होते. मी खाली रेघ मारली.

दुसरा दिवस चढाचा. सग्वारो एकेक करून मागे पडले, पिवळं गवत आलं, मग ओकची खुरटी, विरळ झाडं. ऊन मात्र तसंच होतं. अकराच्या सुमारास माझं डोकं दुखायला लागलं. मी ते चष्म्यावर ढकललं. एक वाजता अंगावर शहारा आला. तीन वाजता घड्याळ वाजलं, मी वही काढली, काकांनी "चारशे" म्हटलं आणि मला चारचा आकडा लिहिता येईना. म्हणजे हात हलत होता, पण रकाना सापडत नव्हता.

काका मागे आले. मला एका जुनिपरच्या झाडाखाली बसवलं, माझ्या हाताच्या पंज्यावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही.

"लघवीला शेवटचं कधी गेली होतीस?" त्यांनी विचारलं. आवाज वेगळा होता, हॉस्पिटलमधला.

"सकाळी."

"खरं सांग."

"काल रात्री. मुक्कामावर."

त्यांनी माझ्या पॅकमधून दोन्ही पिशव्या बाहेर काढल्या. एक काठोकाठ भरलेली होती. दुसरी निम्म्याहून जास्त.

"नऊ तास झाले. नऊ चोक छत्तीस. छत्तीसशे प्यायलीस तू, वहीप्रमाणे. मग हे काय?"

उत्तर मला माहीत होतं, पण तोंडाने सांगण्यासारखं नव्हतं. लहानपणी एसटीच्या लांबच्या प्रवासाला निघताना आई सांगायची, पाणी पिऊ नको, मधे कुठे सोय नसते. ती सवय मी विसरले आहे असं मला वाटत होतं. पंचवीस वर्षं इथल्या हायवेवर दर थोड्या अंतराने रेस्ट एरिया मिळत गेल्यावर तिची गरजच पडली नव्हती. पण इथे पाऊण मैलावरून टोपी दिसत होती, आणि टोपीखाली काका होते. मी दर तासाला एक घोट घेत होते आणि चारशे लिहीत होते. खोटं लिहिते आहे असं मला एकदाही वाटलं नाही. मुक्कामावर भरून काढू, असं वाटत होतं.

काकांनी पाण्यात मीठ-साखरेची पुडी घातली आणि घोट-घोट पाजलं. अर्धा तास गेला. डोक्यातला घण थोडा हळू झाला. तेव्हा मला सुचलं.

"काका, तुमच्या पिशव्या दाखवा."

"माझं ठीक आहे."

"दाखवा."

त्यांनी पॅक पुढे ओढला. एक पिशवी काठोकाठ भरलेली. दुसरी माझ्यापेक्षा थोडी खाली. आम्ही दोघेही तिच्याकडे पाहत बसलो.

"तू होतीस मागे," शेवटी ते म्हणाले. "दर तासाला कुठे जाणार माणूस? आडोसा म्हणून दिसतो का काही?"

"मग सांगायचं ना मला."

"काय सांगायचं? आणि तू का नाही सांगितलंस?"

थोड्या वेळाने ते स्वतःशीच हसले. "पेशंटला मी चार-चारदा विचारायचो, झाली का, झाली का. न लाजता."

त्या दिवशीचा मुक्काम दीड मैल पुढे, गुरांच्या पाणवठ्याशी ठरला होता. तिथवर आम्ही अगदी हळू गेलो. वाटेत नियम ठरला. घड्याळ वाजलं की पुढच्याने पुढचं वळण गाठायचं, डोंगराकडे तोंड करून उभं राहायचं आणि हाक येईपर्यंत मागे पाहायचं नाही. मग पाळी बदलायची. नियम ठरवायला दोन मिनिटं लागली. हे निघायच्या आधीच्या तीन आठवड्यांत का सुचलं नाही याचं कारण साधं आहे: आधीच्या साडेसातशे मैलांत काकांच्या मागे काकू होत्या. तिथे असा प्रश्नच नव्हता, त्यामुळे कोणाच्या यादीत तो आला नाही.

उजेड होता तोवर पाणवठ्याशी बसून आम्ही खरा हिशोब केला. खुणा असलेल्या बाटलीने पिशव्यांतलं उरलेलं पाणी मोजलं. दुसऱ्या दिवशीचं काकांचं पिणं निघालं एक लिटर नव्वद शतांश. माझं, झाडाखाली पाजलेलं धरून, दोन लिटर दहा. पहिल्या दिवसाचं आता मोजता येत नव्हतं, पण काकांच्या आठवणीने दोनच्या आतलं होतं. मी हे वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. पुढच्या पानावर चारशे-चारशेच्या दोन सुबक रांगा होत्या.

काकांनी वही हातात घेऊन दोन्ही पानं पाहिली.

"ती पुढचंच पान मागेल," ते म्हणाले. वही परत दिली आणि पिठल्यासाठी पाणी तापवायला ठेवलं.

तिसरी सकाळ या सगळ्या प्रवासातली सर्वांत चांगली होती. वाट उंचावर गेली, पाइनची झाडं सुरू झाली, पायाखाली सुया पडलेल्या, हवा गार. खाली दोन दिवसांचं वाळवंट तपकिरी चादरीसारखं पसरलेलं दिसत होतं आणि आम्ही कुठून आलो ते बोटाने दाखवता येत होतं. आम्ही नियम पाळला. घड्याळ वाजे, एक जण पुढे जाऊन डोंगर पाही. काकांचा चालण्याचा वेग वाढला होता. माझी डोकेदुखी पूर्ण उतरली होती. साडेअकराला कच्चा रस्ता आला तेव्हा पाच तासांत काकांचे दोन लिटर दहा झालेले होते, आणि हा आकडा खरा होता.

काकू गाडीच्या सावलीत दोन घडीच्या खुर्च्या मांडून बसल्या होत्या. तिसरी स्वतःसाठी. पोळ्या फडक्यात गुंडाळलेल्या, अजून मऊ. बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं, थंड ताक. आम्ही जेवलो. जेवण झाल्यावर काकांनी बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा घट्ट बांधल्या. पंधरा मैल राहिले होते. दोन दिवसांपेक्षा सोपे, सगळे झाडीतले, पाणीही वाटेत होतं.

काकूंनी सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं छोटं यंत्र मांडीवर घेतलं. फोनला तिथे रेंज नव्हती.

"हं, सांग आकडे. लेकीला कळवते आणि तुम्ही सुटा."

वही माझ्या हातात होती. काका बुटांकडे पाहत होते. पुढचं पान वाचलं असतं तर संध्याकाळपर्यंत चार मैल झाले असते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती पांढरी जागा संपली असती. काकांची तब्येत त्या क्षणी माझ्यापेक्षा बरी होती. हे सगळं मी मांडून पाहिलं. पण अट त्या क्षणाविषयी नव्हती, दिवसाविषयी होती, आणि ती मोडून दोन दिवस झाले होते. मी वहीचं मागचं पान उघडलं आणि वाचलं.

काकूंची बोटं थांबली. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दोघांनीही?"

"दोघांनीही," मी म्हणाले.

"का?"

काकांनी सांगितलं नाही म्हणून मी सांगितलं.

"अहो, माझ्यासोबत दर वळणाला थांबायचात. मी म्हणायचे, मैलाचे दगड तरी ह्यापेक्षा लांब असतात. आणि इथे लाज वाटली?"

"तुझी गोष्ट वेगळी," काका म्हणाले. त्यांनी आधी डाव्या बुटाची नाडी सोडली, मग उजव्या. बूट काढून गाडीत मागे ठेवले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. मी खुर्च्या घड्या घालून डिकीत ठेवल्या. परतीच्या वाटेवर काका माझ्यावर रागावलेत का ते मला कळत नव्हतं, आणि मी विचारलं नाही.

घरी आल्यावर मी वहीच्या दोन्ही पानांचे फोटो मुलीला पाठवले, माझ्या रकान्यांसह. खोटं पान का पाठवलं असं कोणी विचारेल. मी कागद फाडत नाही.

रविवारी तिचा फोन आला.

"ताई, पहिलं पेज बघूनच मला कळलं असतं. एव्हरी सिंगल अवर चारशे? माणूस असं पीत नाही. माझं कामच हे आहे, असा डेटा आला की आम्ही त्या लोकांना फोन करून विचारतो, तुम्ही हे घरी बसून भरलं का?"

"वाळवंटात बसून भरलं," मी म्हणाले.

ती हसली नाही. "दुसरं पेज तुम्ही पाठवलं नसतं तर मी बाबांना परत कधीच जाऊ दिलं नसतं. यू नो दॅट, राइट?"

"हो."

"ब्लड टेस्ट होऊ दे. मग बघू."

क्रिएटिनिन थोडं वर गेलेलं निघालं. महिन्याभराने जुन्या जागी आलं. दरम्यान काकांनी नकाशावर अठ्ठावीस मैल रंगवले. पांढरी जागा तांदळाच्या दाण्याएवढी उरली. शनिवारच्या गटात ते पूर्वीसारखेच पुढे चालत. एकदा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅनेजरीणबाई, ऑक्टोबरची रजा टाकून ठेव." एवढंच. मुलगी तयार झाली होती. तिने या वेळी तक्ता स्वतः बनवून पाठवला. त्यात मी केलेले रकाने होते, आणि एक नवीन होता: किती वेळा गेले.

काका भडकले. "हा कागद घरात कुठेही दिसता कामा नये."

काकूंनी तो फ्रिजवर लावला.

ऑक्टोबरात पंधरा मैल आम्ही दोन दिवसांत चाललो. सांगण्यासारखं फारसं घडलं नाही. पाइनमधून वाट उतरत गेली, एक उथळ ओढा दोनदा ओलांडला, दुसऱ्या दिवशी उतारावर ओकची पानं तांबूस झालेली दिसली. घड्याळ वाजे, एक जण पुढे जाऊन डोंगर पाही. तक्त्यावरचे आकडे आता वेडेवाकडे होते: तीनशे दहा, पाचशे, शंभर, साडेचारशे. पहिला दिवस काकांचा तीन लिटर नव्वद, माझा तीन लिटर साठ. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास फाटक दिसलं, पलीकडे डांबरी रस्ता आणि काकूंची गाडी. काकू सीट मागे करून झोपल्या होत्या. काकांनी फाटक उघडलं, मला बाहेर येऊ दिलं आणि लावून घेतलं. मग वाटेकडे एकदा वळून पाहिलं.

काचेवर टकटक केल्यावर काकू जाग्या झाल्या. मागच्या सीटवर त्यांनी नकाशा गुंडाळून आणला होता, त्याच्याबरोबर स्केचपेन. काकांनी दोन्हीही तिथेच राहू दिलं. त्यांनी गाडीतली बाटली घेतली, तोंड वर करून धार धरली, बाटलीला ओठ न लावता सगळं प्यायले आणि रिकामी बाटली माझ्या हातात दिली.

"अर्धा लिटर," ते म्हणाले. "लिही."

चालणं संपलं होतं. तरी मी वही काढली आणि लिहिलं.